मीठ बसेपर्यंत

माझ्या बापाचं नाव हासूराम.
घरच्यांनी कौतुकानं ठेवलेलं, कुणाला हसवायला नाही.
पटावर नाव पुकारताना गुरुजी पहिल्यांदा हसले
आणि त्याला कळलं,
नुसतं उभं राहिलं तरी काम होतं.

घणसोलीच्या खाडीवर तेव्हा आमचं मिठागर होतं.
कोंडीत भरतीचं पाणी घ्यायचं, बांध लिंपायचा,
मग काही म्हणजे काही करायचं नाही.
तो पाय बुडवून चाळे करायचा, तेव्हा आजा ओरडायचा:
"पानी हालवू नको रं, मीठ बसतंय."

पुढे वाशीच्या नाट्यगृहात
वाक्य टाकून तो तसाच थांबायचा.
एक. दोन.
विंगेतला प्रॉम्प्टर घाबरून पुढची ओळ कुजबुजायचा.
तीन.
मग सगळं थिएटर एकदम पांढरं व्हायचं,
दातांनी.

पण ते नंतरचं. आधी
एकांकिकेच्या परीक्षकांनी शेरा दिला होता:
अभिनय सहज, वाणी अशुद्ध.
तो कागद पाकिटात ठेवून महिनाभर
तो खाडीकडे तोंड करून बसला,
बाळ, काळ, फळ, गाडी, झाड, पाणी.
बगळे उडून जायचे.
आला शेवटी ळ.
आला त्याच आठवड्यात मालिकेवाल्यांचा फोन:
"तुम्ही ते गावाकडचं बोलता ना, तसंच हवंय.
जरा जास्त."

सोळा वर्षं, जरा जास्त.
अकरा दादूस, चार वॉचमन, दोन मासळीवाले,
एक दारुडा मामा, जो तीनशे भाग शुद्धीवर आला नाही.
गळ्यात पितळेच्या साखळ्या.
रात्री आई लिंबाची फोड घासून
त्याच्या मानेवरचा हिरवा काढायची.
सोनं म्हणून आमच्या घरी एवढंच यायचं,
सकाळी परत जायचं.

बाजारात पोरं हाक मारायची, "ए दादूस!"
तो हात करायचा.
मी कोथिंबिरीचा भाव विचारायला लागायचे.
माझा ळ स्वच्छ. चांगल्या शाळेतला, फी भरून घेतलेला.
ती फी त्याच्या ल-मधून जायची
हा साधा हिशेब मांडायला मला तिशी लागली.

एकदा प्राध्यापकाचं काम मिळालं. सिनेमात, एक सीन.
त्याने स्वतःच्या पैशाने कोट शिवला.
"विद्यार्थ्यांनो," म्हणाला,
आणि लाईट धरणारा मुलगा फिसकन हसला.
पुन्हा घेतलं. पुन्हा.
पैसे पूर्ण दिले त्यांनी, खोटं का बोला.
कोट अजून कपाटात आहे, खिशात खडू.

मागच्या वर्षी मिठागराच्या जागी
बत्तीस मजले उभे राहिले.
उद्घाटनाला पाहुणा माझा बाप.
"दोनच मिनिटं सर, दादूस स्टाईल," मॅनेजर म्हणाला.
साखळ्या त्याने घरूनच घालून आणल्या होत्या.
माईक हातात घेतला.

"सर्व्हे नंबर एकशे सतरा, हिस्सा दोन."
हशा.
"सारेबारा टक्के."
मोठा हशा, मागून शिट्टी.
"ती लिफ्ट आहे ना, तिथे माझा बाप
फावडं घेऊन उभा असायचा."

थांबला.
एक. दोन. तीन.
कुणीतरी अर्धवट हसलं आणि इकडे तिकडे पाहिलं.
चार.
मॅनेजरने बँजोवाल्यांकडे मान वळवली.
पाच.
एवढा तो आयुष्यात कधी थांबला नव्हता.

शेजारच्या बाई माझ्याकडे वाकल्या:
"विसरले का हो ते?"
आणि माझ्या तोंडून,
जे तोंड मी इतकी वर्षं घासून ठेवलं होतं,
निघून गेलं:
"पानी हालवू नका. मीठ बसतंय."

रिक्षात त्याने साखळ्या काढून माझ्या पर्समध्ये टाकल्या.
मान खाजवली.
"चेक घेतलास ना?"
हो म्हटलं.
"मग जाताना लिंबं घे."